हुकुमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य

युद्धशास्त्रावरील जुन्या ग्रंथांचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षितांच्या तोंडी प्रथम चीन देशातील सुन् त्सूचे नाव येते. त्यानंतर कौटिल्याचे अर्थशास्त्र आठवते, आणि कोणी अधिक वाचन केलेला असेल तर तो जर्मन सेनानी क्लाउझेवित्स याच्या ग्रंथाचा उल्लेख करतो. हे तिन्ही ग्रंथ थोर आहेत यात संशय नाही. परंतु आपल्या मायबोलीतही याच तोलाचा एक ग्रंथ तीनशे वर्षांहून अधिक काळ आहे आणि तो मूळ भाषेतून वाचण्याचे भाग्य आपणांस लाभले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानी असते. त्या ग्रंथाचे नाव आज्ञापत्र. तो ज्यांच्या अनुभवातून निर्माण झाला, ते रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य, यांचे चरित्र आपल्या शाळेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

रामचंद्रपंतांचा जन्म सन १६५० च्या सुमाराचा. त्यांचे वडील नीळो सोनदेव हे शिवाजीमहाराजांच्या आरंभीच्या विश्वासू सहकाऱ्यांपैकी एक होते आणि राज्याचा जमाखर्च पाहणारे मुजुमदार होते. सन १६७२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो कारभार त्यांच्या मुलांकडे आला. दोन वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या वेळी अष्टप्रधानांची जुनी फारसी नावे जाऊन संस्कृत नावे आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, आणि त्या पदावर रामचंद्रपंत उभे राहिले. त्यांचे वय तेव्हा अवघे चोविसाच्या आसपास होते. मोरोपंत पिंगळे, हंबीरराव मोहिते यांच्यासारख्या मुरलेल्या पुरुषांच्या पंक्तीत हा तरुण बसला होता.

अमात्य म्हणजे हिशेब पाहणारा अधिकारी, ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढे ज्या ग्रंथाची ओळख करून घ्यावयाची आहे तो तलवारबहाद्दराचा नव्हे, जमाखर्च पाहणाऱ्याचा ग्रंथ आहे. कोणत्या गडावर किती धान्य आहे, दारूगोळा किती उरला, शिबंदीचा पगार किती महिने थकला आहे, या गोष्टी ज्याला रोज पाहाव्या लागतात, त्याला युद्ध निराळ्या डोळ्यांनी दिसते. रणांगणावरील पराक्रम बखरकार वर्णितात. पण तो पराक्रम करणाऱ्याच्या पोटात त्या दिवशी भाकरी होती की नाही, हे फक्त अमात्यालाच ठाऊक असते.

शिवाजीमहाराज १६८० मध्ये निवर्तले. पुढची नऊ वर्षे संभाजीमहाराजांनी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज या तिघांशी झुंज दिली. औरंगजेब बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला होता. त्याने १६८६ मध्ये विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला. दोन्ही राज्ये श्रीमंत होती, पिढ्यान् पिढ्या नांदत आली होती. पण राजधानीचा कोट पडताच एकेका घावात संपली. १६८९ च्या आरंभी संभाजीमहाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि मार्च महिन्यात त्यांचा क्रूर वध झाला. त्याच वर्षी रायगडही गेला. येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत पडले. विजापूर आणि गोवळकोंडा यांचा न्याय लावला असता मराठ्यांचे राज्यही तेथेच संपावयास हवे होते.

ते संपले नाही. राजाराममहाराज वेढ्यातून निसटून पन्हाळ्यास आले आणि १६८९ च्या उत्तरार्धात दूर तामिळ देशातील जिंजीच्या किल्ल्याकडे निघाले. जाताना महाराष्ट्राचा सर्व कारभार त्यांनी रामचंद्रपंतांच्या हाती सोपविला आणि त्यांस हुकुमतपन्हा हा किताब दिला. याचा अर्थ असा की, पंतांची आज्ञा ती छत्रपतींची आज्ञा समजावी. राजा शेकडो कोसांवर, राजधानी शत्रूच्या ताब्यात, खजिना रिकामा, आणि घरात शिरलेला शत्रू हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य बादशहा. अशा अवस्थेत चाळिशीला टेकलेल्या या अधिकाऱ्याने विशाळगडावर ठाणे मांडले.

पुढील आठ-नऊ वर्षांचा इतिहास संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या घोडदौडीमुळे सर्वश्रुत आहे. त्या दोघांच्या पाठीशी जी व्यवस्था उभी होती ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. शंकराजी नारायण आणि परशुराम त्र्यंबक या दोन कर्तबगार सहकाऱ्यांना हाताशी धरून पंतांनी गेलेले गड एकेक करून परत मिळविण्याचा उद्योग आरंभला. पन्हाळा मोगलांकडे गेला होता, तो १६९२ मध्ये परत आला. मोगलांची फौज मोठी खरी, पण तिला एका वेळी एकाच गडाला वेढा घालता येई; आणि गड तर शेकड्यांनी होते. एक गड पडला तर शेजारचा लढे. पावसाळ्यात मोगल छावणी चिखलात रुतली म्हणजे गेलेला गडही परत येई. ज्या राज्याचा प्राण एकाच कोटात नाही, ते राज्य एका घावात मरत नाही, हे विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या दैवी नव्हते. ते सह्याद्रीच्या दैवी होते.

याच काळाचा आपल्या मुलखाशी एक धागा जुळतो. पांढुर्णा आणि सौसर हा प्रदेश तेव्हा देवगडच्या गोंड राज्यात मोडत होता. देवगडचा राजा बख्त बुलंद हा प्रथम बादशहाच्या आश्रयास गेला. पण बादशहा दक्षिणेतील गडांच्या मागे गुंतला आहे हे पाहताच त्याने मोगलांशी वैर धरले आणि त्यांच्या मुलखात धामधूम मांडली. नागपूर शहराचा पाया घालणारा राजा तो हाच. विशाळगडावर पेटविलेल्या धुनीची धग सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत अशी पोहोचत होती.

१६९८ च्या आरंभी जिंजी मोगलांनी घेतली, परंतु राजाराममहाराज त्यापूर्वीच निसटून महाराष्ट्रात आले. १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे देहावसान झाले आणि ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. म्हाताऱ्या बादशहाने मग स्वतःच गड घेण्याचा हट्ट धरला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असा त्याचा मुक्काम फिरत राहिला. यांतील कित्येक गड किल्लेदारांनी बरेच दिवस लढवून, शेवटी पैका घेऊन खाली केले आणि पुढे संधी साधून मराठ्यांनी परतही घेतले. वीरश्रीच्या गोष्टी ऐकण्याची सवय असलेल्या कानांस हा व्यवहार खटकेल. पण जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर बादशहाचा पैसा, माणसे आणि वर्षे खर्ची पडत होती, आणि मराठ्यांच्या पदरी लढण्याचे बळ शिल्लक राहत होते. १७०७ मध्ये, आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगराजवळ, औरंगजेबाने प्राण सोडला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो दक्षिणेत झगडत होता. ज्या राज्याला बुडविण्यासाठी तो आला होता, ते उभेच होते.

येथवर रामचंद्रपंतांचे चरित्र निष्कलंक यशाचे आहे. पुढचा भाग तितका सरळ नाही, आणि तो झाकून ठेवणे हे चरित्रलेखकाचे काम नव्हे. बादशहाच्या मृत्यूनंतर शाहूमहाराज कैदेतून सुटून आले आणि राज्याचे दोन पक्ष झाले. पंत ताराबाईंच्या पक्षास राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर पालट झाला. ताराबाई आणि त्यांचे पुत्र कैदेत पडले, राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले, आणि या पालटास पंतांचे पाठबळ होते. ज्याने परक्यापासून घर राखले त्यालाच घरातील भांडणात एका बाजूस उभे राहावे लागले. नव्या छत्रपतींच्या या कारकिर्दीत, १७१५ मध्ये, आज्ञापत्र लिहिले गेले. पंत तेव्हा पासष्टीच्या घरात होते. ग्रंथ राजाच्या नावाने, राजाज्ञेच्या रूपात आहे, म्हणून त्याचे नाव आज्ञापत्र. परंतु त्यातील प्रत्येक ओळीमागे हुकुमतपन्हांची हयात उभी आहे.

युद्धावरचा ग्रंथ म्हणून जो विद्यार्थी हे पुस्तक उघडील त्याला प्रथम थोडे आश्चर्य वाटेल. व्यूह, चढाया, हत्यारांचे डावपेच यांना त्यात फारसे स्थान नाही. राजाने कसे वागावे, सावकारांस कसे सांभाळावे, वतनदारांस कसे धाकात ठेवावे, परदेशी व्यापाऱ्यांशी किती जपून असावे, हे सांगून झाल्यावर ग्रंथ दुर्गांकडे येतो. आणि तेथे मात्र लेखकाची लेखणी आवरत नाही.

गड बांधावयाचा तर आधी पाणी पाहावे, असे तो सांगतो. पाणी नसेल आणि स्थळ तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत आणि ती अशी बळकट असावीत की पुढचा पाऊस येईपर्यंत साऱ्या गडास पाणी पुरावे. एखादा झरा वाहतो आहे म्हणून निश्चिंत राहू नये. युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, म्हणून जादा टाकी बांधून ठेवावीत आणि ते पाणी उगाच खर्चू देऊ नये. जवळच्या डोंगरावरून गडावर मारा होत असेल तर तो डोंगर सुरुंग लावून खाली आणावा, आणि तेही शक्य नसेल तर तोच बांधून बळकट करावा. गडाला एकच वाट असू नये. दरवाजा असा वळवून बांधावा की शत्रूच्या तोफेला तो समोरून दिसू नये. गडाच्या घेऱ्यातील झाडी हीच गडाची राखण आहे, म्हणून तीतील एक काठीदेखील तोडू देऊ नये; पण तटाच्या भिंतीत उगवणारी झुडपे मात्र वेळोवेळी काढावीत. दारू घरांपासून दूर ठेवावी, वारंवार पाहावी, सुकवावी. धान्याच्या कोठारात उंदीर आणि किडा-मुंगी शिरू देऊ नये. केरकचरा जागोजाग न टाकता जाळून त्याची राख परसात घालावी आणि त्यावर भाजीपाला करावा. गडावरील अधिकारी एकाच जागी मुरू नयेत, ठरावीक वर्षांनी त्यांची बदली व्हावी.

आणि गडावर झाडे लावावीत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, आणि लिंबू, नारिंग यांसारखी लहान झाडे, अशी नावे घेऊन तो सांगतो. संत्र्याच्या बागांत वाढलेल्या सौसर-पांढुर्ण्याच्या मुलांस युद्धनीतीच्या ग्रंथात नारिंगाचे नाव पाहून मौज वाटेल! यांत शोभेचा हेतू नाही. फळ उपयोगी पडेल, आणि काहीच नाही तर प्रसंगी लाकूड तरी कामास येईल, हा हिशेब आहे. अमात्याची दृष्टी ती हीच.

ज्यांना हे प्रकरण ताडून पाहावयाचे असेल त्यांनी रायगडापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. छिंदवाड्याच्या दक्षिणेस देवगडचा किल्ला आहे. तो मराठ्यांनी बांधलेला नव्हे, गोंड राजांचा आहे, आणि त्यांनी आज्ञापत्र वाचलेले असण्याचा प्रश्नच नाही. तरीही भोवती खोल दऱ्या, दाट झाडी आणि माथ्यावर मोतीटाका नावाचे पाण्याचे टाके पाहिले म्हणजे गरजेने माणसाला सर्वत्र एकच शहाणपण शिकविले असे दिसते. गडाच्या परिसरातील जुन्या विहिरी व बावड्या पाहावयास तर अवश्य जावे. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी खोल जातात आणि संत्र्याची झाडे मान टाकतात, तेव्हा एका झऱ्यावर विसंबू नये, या सूचनेचे मोल शेतकऱ्याला किल्लेदाराइतकेच कळते.

आरमाराच्या प्रकरणात एक स्थळ आहे, ते वाचताना मन थबकते. जहाजे बांधण्यास बळकट लाकूड लागते. सागवान वगैरे जंगलातून रीतसर परवानगीने आणावे. आंबा आणि फणस हीही उपयोगी लाकडे खरी, पण त्यांस हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जपून वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पारावार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. बळजबरी करू नये. हाच मजकूर पुष्कळदा शिवाजीमहाराजांच्या पत्राच्या नावाने सांगितला जातो, पण तो आज्ञापत्रातील आहे. आरमाराचा खर्च बंदरातील मिळकतीवर लावू नये, कारण मग खलाशी व्यापाऱ्यांस नाडतात आणि बंदरे ओसाड पडतात, असेही तेथे बजावले आहे. सैन्याने जनतेच्या जिवावर जगू लागणे हा पराभवाचा आरंभ होय, हे पंतांनी मोगल छावणीकडे पाहून ओळखले होते.

परंतु ग्रंथातील सर्वांत दूरदर्शी भाग टोपीकरांविषयीचा होय. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस, डिंगमार हे व्यापार करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, आणि मुलखात शिरून राज्य करण्याची हाव त्यांना आहे. म्हणून त्यांस समुद्राकाठी जागा देऊ नये, किल्ल्याजवळ देऊ नये. द्यावयाचीच झाली तर किनाऱ्यापासून काही कोस आत, सखल जागी द्यावी, आणि पक्की इमारत उभारू देऊ नये. कारण आरमार आणि तोफा हे त्यांचे बळ आहे. हे १७१५ मध्ये लिहिले गेले. प्लासीची लढाई त्यानंतर ४२ वर्षांनी झाली.

आपल्या भागाला याचा पडताळा १८१७ मध्ये आला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. नागपुरात इंग्रजांची वकिलात होती, ती सीताबर्डीच्या दोन टेकड्यांना लागून. शहर एका अंगास, वकिलात दुसऱ्या अंगास आणि टेकड्या मध्ये. १८१६ च्या तहाने इंग्रजांची फौजही जवळ येऊन राहिली. २६ नोव्हेंबर १८१७ रोजी लढाई जुंपली तेव्हा इंग्रजांच्या लहानशा तुकडीने त्याच टेकड्या धरल्या, आणि अप्पासाहेब भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला दुसऱ्या दिवशी माघार घ्यावी लागली. राजधानीच्या उशाला असलेली उंच जागा परक्यांच्या हाती लागल्याचे फळ याहून स्पष्ट काय असणार? अप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने राहिले. पण तोपर्यंत वेळ गेली होती. १८५४ मध्ये ते राज्यही खालसा झाले. एखादे पुस्तक वाचले असते तर हे टळले असते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण तहाने हात आधीच बांधले होते. मात्र संकट कोणत्या वाटेने येणार हे शतकापूर्वी एका मराठी माणसाने लिहून ठेवले होते, एवढे खरे.

आता वतनांविषयी. आज्ञापत्रात वतनदारांवर कडक टीका आहे. ते स्वतःस लहान राजेच समजतात, परचक्र आले की आपले वतन राखण्यासाठी शत्रूस आधी जाऊन मिळतात, म्हणून त्यांस शिरजोर होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे. आता गंमत पाहा. शिवाजीमहाराजांनी वतने देण्याचे बंद केले होते. आणि ती सढळ हाताने पुन्हा वाटली गेली ती राजाराममहाराजांच्या काळात, रामचंद्रपंतांच्या कारभारात. मोगल वतनाचे आमिष दाखवीत होते, खजिन्यात नाणे नव्हते, आणि माणसे तर टिकवावयाची होती. पंतांनी त्या दिवशी जे शक्य होते ते केले आणि राज्य वाचले. परंतु त्याचे मोल किती जबर पडले हे त्यांनी पुढे पंचवीस वर्षे पाहिले. आमच्या मते या ग्रंथाची खरी किंमत याच विसंगतीत आहे. हा उपदेश कोऱ्या अंगणातून आलेला नाही. ज्याने नियम मोडण्याची पाळी स्वतःवर ओढवून घेतली, त्यानेच नियम लिहिला आहे.

असले ग्रंथ आज का वाचावेत, असे कोणी विचारील. डोंगरी किल्ल्याला आता विमानांपुढे अर्थ उरला नाही, हे कबूल. पण सुन् त्सूही लढाईपूर्वीच्या गणितालाच अधिक महत्त्व देतो, आणि कौटिल्य राज्याच्या सात अंगांत सैन्याबरोबर दुर्ग, कोश आणि मित्र यांनाही बसवितो. युद्धग्रंथांचा बराचसा मजकूर शांततेतील कामाचा असतो. पाण्याचा साठा, कोठाराची देखरेख, हाताखालच्या माणसाचा वेळेवर पगार, रयतेचा विश्वास, पाहुणा म्हणून आलेल्याची पारख, ही कामे सैनिकाप्रमाणे गावच्या सरपंचाला आणि घरच्या कर्त्यालाही पडतात. विद्यार्थ्याने आज्ञापत्र हाती घ्यावे तेव्हा प्रत्येक सूचनेपाशी थांबून एवढेच विचारावे की, ही सूचना लिहिण्यापूर्वी लेखकाने काय गमावले असेल. भाषा जुनी आहे, वाक्ये लांब आहेत, फारसी शब्द अडवितात. टीपा दिलेल्या आवृत्तीतून दुर्गप्रकरण आणि आरमारप्रकरण प्रथम वाचले तर वाट सोपी होते.

ग्रंथ लिहून झाल्यावर रामचंद्रपंत फार दिवस जगले नाहीत. १७१६ मध्ये पन्हाळगडावर त्यांचे निधन झाले. त्यांच्या वंशाकडे गगनबावड्याची जहागीर राहिली, त्यावरून ते घराणे बावडेकर या नावाने ओळखले जाते. पंतांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत पन्हाळा आहे. आणि ज्या जिंजीला राजाराममहाराज गेले म्हणून पंतांवर हुकुमतपन्हा होण्याची वेळ आली, तीही आहे.